वीतभर पाण्यातला उजेड

आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. वर गाव, आणि गावाच्याही वर, रस्त्याला लागून, दूध डेअरी होती. राजुरीपासून आमचं गाव फार लांब नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ही डेअरी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या वाड्यांवरून कॅन यायचे, दूध थंड व्हायचं आणि टँकरने पुण्याकडे जायचं. कॅन, टाक्या, फरशी धुतलेलं पाणी पाइपातून ओढ्यात सोडलेलं होतं. पहिल्यांदा ओढा पांढरट झाला तेव्हा वस्तीतल्या बायका काठावर जाऊन बघत होत्या. एकजण हसून म्हणाली, "आपल्या नशिबी दुधाचा ओढा आला गं!"

ते हसू आठवडाभरही टिकलं नाही. पाण्यावर साय यावी तसा पापुद्रा धरू लागला आणि आंबट, कुजका वास सुटला. काठच्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायला वापरणं बंद केलं, मग भांड्यांनाही. अर्ज झाले, ग्रामपंचायतीत बोलणी झाली. गावातल्या बहुतेक घरांचं दूध त्या डेअरीला जायचं. वस्तीत म्हशी दोन-तीन घरांतच. त्यामुळे बोलणं दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं, "मंग काय, डेअरी बंद करायची का?"

वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई अंगणवाडीत मदतनीस होती. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि मंचरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहाटे उठायचं, आळेफाट्याला एसटी पकडायची, नारायणगाव ओलांडून मंचर गाठायचं, दोन-तीन तास घ्यायचे आणि तसंच परत. कायम व्हायचं तर पुढची पदवी हवी होती. पुण्याच्या ज्या बाईंकडे मी संशोधनासाठी नाव नोंदवलं, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घराजवळ काय आहे अभ्यास करण्यासारखं?"

मी म्हणाले, "घाण पाणी."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेच घे. शेवाळ वापरून ते पाणी किती स्वच्छ होतं, आणि उजेड कमी-जास्त केला की त्यात काय फरक पडतो, ते बघ."

शेवाळ म्हटलं की लोकांना विहिरीच्या पायरीवरचं निसरडं आठवतं. मला हवं होतं ते त्याहून बारीक, नुसत्या डोळ्यांना एकेक न दिसणारं. ते पाण्यात भरपूर झालं की पाणीच हिरवं दिसतं. घाणीतलं नत्र आणि स्फुरद ते खातं, आणि उजेडात प्राणवायू सोडतं. त्या प्राणवायूवर पाण्यातले जिवाणू जगतात आणि बाकीची घाण फस्त करतात. वास जातो तो त्यामुळे. म्हणजे सगळा खेळ उजेडावर. गुरांना पाणी पाजायच्या एका दगडी डोणीतलं हिरवं पाणी मी बाटलीत भरून आणलं, कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यातून बी धरलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप लागायचं आणि मेन स्विच बंद व्हायचा. त्यामुळे प्रयोग घरीच मांडावा लागला. आमच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत भांड्यांची मांडणी रिकामी करून तिच्यावर काचेच्या बरण्या लावल्या आणि वर ट्यूबलाइट टांगल्या. डेअरीचं पाणी तसंच घातलं तर ते इतकं पांढरट असायचं की उजेड आत शिरायचाच नाही. म्हणून आधी निवळायला ठेवायचं, मग साध्या पाण्याने पातळ करायचं. सुरुवातीला मी दिवे चोवीस तास चालू ठेवले. जितका उजेड जास्त तितकं शेवाळ जास्त, असा माझा सरळ हिशेब होता.

पहिले काही दिवस खरंच तसं झालं. बरण्या हिरव्या झाल्या, गडद झाल्या. आणि मग दिव्याच्या अगदी जवळच्या बरण्या पिवळ्या पडायला लागल्या. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, उजेड फार झाला की तो त्यांना पेलवत नाही. दिवे थोडे लांब घे आणि अंधारही दे. रोज ठरलेला उजेड, ठरलेला अंधार."

अंधाराची गरज घरात आणखी एका माणसाला होती. आई मागच्याच खोलीत झोपायची. कित्येक आठवडे ती डोळ्यांवर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा सकाळी चहा गाळताना म्हणाली, "डोळं मिटलं तरी उजेड दिसतोय बग मला. अंगनवाडीत पोरं झोपत्यात आन मी बी बसल्या जागी डुलती."

मी म्हणाले, "आजपासून निम्मा दिवसच लावणार आहे."

"मंग आधी का न्हाई लावलं तसं?"

त्या दिवशी मी एसटीत मंचरपर्यंत झोपून गेले.

उजेड-अंधाराचं वेळापत्रक बसलं आणि खरंच बरण्या सुधारल्या. पण आपल्याकडे तेव्हा भारनियमनाचं स्वतःचं वेळापत्रक होतं. आमची एक गत, तर महावितरणची दुसरी. या आठवड्यात सकाळी वीज जाणार म्हणून मी दिवे दुपारी लावायचे ठरवावे, तर पुढच्या आठवड्यात दुपारी जायची. कधी सांगून जायची, कधी न सांगता. मी कॉलेजात फळ्यावर प्रकाशसंश्लेषण शिकवत असायचे आणि मनात विचार, घरी लाइट असेल का? आईला मी स्विच लावायला-काढायला शिकवलं होतं. ती अंगणवाडीतून मुद्दाम घरी येऊन बघून जायची. तिलाही ते ओझंच होतं.

त्या उन्हाळ्यात एकदा गावचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. नवा यायला बरेच दिवस लागले. मी कंदील लावून पाहिला, आरसा लावून खिडकीतलं ऊन वळवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. उजेड नाही म्हणजे प्राणवायू नाही. जिवाणूंनी होता तेवढा संपवला आणि पाणी सडलं. एका संध्याकाळी मी मंचरहून आले, तर घराची दारं-खिडक्या सताड उघड्या आणि आई बाहेर ओट्यावर बसलेली.

"तुजं ते मेलं वाटतं," ती म्हणाली.

आत गेले. बरण्या काळपट पडल्या होत्या. खोलीत ओढ्याचाच वास होता, फक्त आता तो चार भिंतींत कोंडलेला. कित्येक महिन्यांची मेहनत मी बादलीने उचलून बाहेर नेऊन ओतली. रडू आलं नाही. इतकी दमले होते की रडायला बसावंसंही वाटलं नाही. आईने बरण्या घासायला घेतल्या. मी म्हणाले, "राहू दे, मी घासते उद्या." ती म्हणाली, "उद्या तुला कालिज न्हाई का?" आणि घासत राहिली.

बाईंना फोन केला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, विषय बदल. त्या म्हणाल्या, "ट्यूबलाइट सोड. उन्हात कर."

उन्हात करायचं तर टाकी हवी, आणि टाकीसाठी डेअरीचं पाणी. डेअरीचे मॅनेजर गावातलेच, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. त्यांच्यापुढे मी कधी बसून बोलले नव्हते. दारातच उभी राहून सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुज्या त्या टाकीनं वास जाईल?"

"कमी होईल."

"मंग कर की. आमचं काय जातंय?"

ओढ्याच्या काठाला पडीक तुकडा होता. पाऊस सरल्यावर वस्तीतल्या चार-पाच बायका आणि आम्ही दोघी, असं मिळून तो खणला. तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पुढे निवळायला एक खड्डा काढला आणि डेअरीच्या पाइपाचं पाणी टाकीत वळवलं. मॅनेजर एकदा बघायला आले आणि म्हणाले, "एवढं उथळ? खोल खणा की, जागा वाचंल."

मी म्हणाले, "खोल केलं तर खाली ऊन पोचत नाही. शेवाळ दाट झालं की वरच्या थराचीच सावली खालच्यावर पडते. खालचं मरतं आणि सडतं. वीतभरच पाणी हवं, आणि ते ढवळत राहायला हवं, म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीनं ऊन मिळतं."

ते आईकडे वळून म्हणाले, "पोरगी लई शिकली राव तुमची." कौतुक होतं की काय ते मला कळलं नाही.

ढवळायला बांबूला फळी ठोकून आम्ही एक वल्हं केलं. सकाळी मी जाण्याआधी ढवळायचे, दुपारी आई, संध्याकाळी ज्या बाईला सवड असेल ती. शेजारची म्हातारी काकी काठावर बसून बघायची आणि म्हणायची, "पिठलं लागंल गं खाली, हलवा." तेवढं हसू त्या दिवसांत होतं.

आणि टाकी लागली. पुढच्या उन्हाळ्यात, कडक उन्हात, पाणी असं हिरवं झालं की हात घातला तर बोटं दिसेनात. टाकीतून शेवटच्या खड्ड्यात निवळून जे पाणी ओढ्यात पडायचं, त्याला वास नव्हता. पहाटे थोडा यायचा, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू खातच असतं, पण ऊन वर आलं की जायचा. मी नमुने भरून, बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने मंचरला न्यायचे. कंडक्टर विचारायचा, "मॅडम, काय सरबत का?" आकडे चांगले येत होते. ओढ्याच्या काठाला बेडूक दिसले, ते पाहून आईने मला हाक मारून बोलावलं होतं. वस्तीतल्या बायका संध्याकाळी परत अंगणात बसायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

एक दिवस डेअरीतून निरोप आला, मॅडमना बोलावलंय. मॅडम! गेले, तर पुण्याहून पाण्याची तपासणी करणारे साहेब आले होते. मॅनेजरांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि साहेबांना म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम. आमचा ट्रीटमेंट प्लँट ह्याच बघत्यात."

मी साहेबांना टाकीपाशी नेलं. सगळं खरं सांगितलं. हे थोड्या पाण्यासाठी आहे, ऊन असेल तोवर चालतं, पावसाळ्याचा अनुभव अजून नाही. साहेबांनी पाणी हातात घेऊन हुंगलं, मान डोलावली, "नावीन्यपूर्ण आहे," म्हणाले आणि गेले. मला बरं वाटलं होतं. आईला सांगितलं, तिनं शेजारी सांगितलं.

डेअरीला सांडपाण्याची मंजुरी मिळाली. तिच्या जोरावर त्यांनी आणखी गावांचं दूध घ्यायला सुरुवात केली. नवी टाकी बसली, कॅनच्या गाड्या वाढल्या. पाइपातून येणारं पाणी बघता बघता दुप्पट झालं. तो जूनचा शेवट होता. घाटमाथ्यावरच्या घाटघरकडून ढग आले ते हटेनातच. आमच्याकडे पाऊस तिकडच्यासारखा कोसळत नाही, पण आभाळ मात्र आठवडेच्या आठवडे भरलेलं राहतं. दुपारी बाराला घरात दिवा लावावा लागे. टाकीतलं हिरवं आधी फिकट झालं, मग मातकट. दुप्पट घाण आणि निम्मं ऊन. एका सकाळी वल्हं घातलं तर तळातून काळे बुडबुडे वर आले.

आता वास ओढ्यातून यायचा तो येतच होता, शिवाय टाकीतूनही यायला लागला, आणि टाकी तर आमच्या दाराशीच. ज्या बायकांनी ती माझ्यासोबत खणली होती, त्यातलीच एक तोंडावर म्हणाली, "आदी वास वड्याला व्हता, तू त्यो दारात आनून ठिवला." तिचं लेकरू तापाने पडलं होतं.

मी मॅनेजरांकडे गेले. सांगितलं, पाणी दुप्पट झालंय, ढग आहेत, आणखी दोन-तीन टाक्या हव्यात, आधी निवळायला खड्डा हवा, आणि तोवर नव्या गावांचं दूध थांबवा.

ते म्हणाले, "मॅडम, प्लँट तुमचा हाय. तुमीच साहेबांना दावला. आता चालत न्हाई तर तुमी बघा काय ते."

"मी साहेबांना सांगितलं होतं, ऊन असेल तरच."

"ते आमाला न्हाई कळत. आमच्याकडं मंजुरी हाय."

घरी येऊन मी पायही न धुता बसून राहिले. आईने विचारलं, मी सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत राहिली. भाकरी झाल्यावर म्हणाली, "म्हंजी त्यांनी तुला म्होरं केलं."

"हो."

"आन तू गेलीस."

"हो आई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी उठून बघते तर आई अंगणात जुन्या खताच्या पिशव्यांत माती भरत होती. जवळ शेजारची काकी पिशवीचं तोंड धरून उभी.

"हे काय?"

"उचल," आई म्हणाली. "पायपाचं तोंड बुजवायचं."

मी म्हणाले, "आई, पोलीस बोलावतील."

"बोलावू दे. मी अंगनवाडीत तीस पोरांचं गू-मूत काढती, मला पोलीस काय सांगनार? उचल, कंबरंनं होत न्हाई माज्या."

दोन पिशव्या आम्ही नेल्या, तोवर मागून बायका यायला लागल्या. तोंडावर बोललेली ती पण आली, डोक्यावर पाटी घेऊन. जय भीम म्हणून कुणी सुरुवात केली नाही की घोषणा दिल्या नाहीत. पाऊस भुरभुरत होता. पिशव्या लावल्या, वर चिखल थापला आणि काठावर बसलो. पाइप बंद झाला तसं पाणी मागे तुंबलं. थोड्या वेळाने डेअरीच्या फरशीवर त्यांचंच पाणी चढलं. पांढरं, वासाचं, कॅन उतरवणाऱ्यांच्या घोट्यापर्यंत.

मॅनेजर पँट वर दुमडून धावत आले. "काय लावलंय हे? आं?"

आई उठली नाही. म्हणाली, "भाऊ, आमी काय न्हाई केलं. तुमचं पानी तुमच्याकडं ठिवलं."

"दूध खराब व्हईल! गाड्या उभ्या हायेत!"

"वास लई येतोय का?" काकीने विचारलं. तिला ऐकू कमी यायचं, तिने खरंच विचारलं होतं. पण सगळ्या हसल्या, आणि मॅनेजर आल्या पावली परतले.

दुपारपर्यंत सरपंच आले, गावातले आणखी काही आले. आवाज चढले, जातीवरून एकदोन शब्द आले, ते ज्यांनी काढले त्यांना सरपंचांनीच बाजूला नेलं. शेवटी ठरलं की डेअरी आपल्याच जागेत निवळणीचा खड्डा आणि उथळ टाक्या बांधेल, आणि त्या होईपर्यंत नव्या गावांचं दूध घेणार नाही. पिशव्या आम्ही संध्याकाळी काढल्या. हात सुजले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू धरवत नव्हता.

टाक्या झाल्या, पण ठरल्यापेक्षा कमी आणि उशिरा. ढवळायला त्यांनी मोटर लावली, ती भारनियमनात बंद पडायची. माणूस लावला, तो चार दिवस यायचा, चार दिवस नाही. उन्हाळ्यात पाणी बरं असायचं, पावसाळ्यात वाईट, पण पूर्वीइतकं नाही. मी अधूनमधून जाऊन सांगायचे, ते ऐकायचे, कधी करायचे, कधी नाही. काठावरची आमची टाकी आम्हीच बुजवली. याला जिंकणं म्हणावं की काय, मला तेव्हाही कळलं नव्हतं.

माझा प्रबंध लांबला. त्या पावसाळ्याचे आकडे मी गाळणार होते, सगळे वाईट होते म्हणून. बाईंनी कागद माझ्यापुढे परत सरकवला. "हेच ठेव. उन्हात शेवाळ वाढतं हे सगळ्यांना माहीत आहे. ढगात काय होतं, ते तू पाहिलंस." तोंडी परीक्षेला एका परीक्षकांनी विचारलं, प्रत्यक्षात हे चालेल का? मी म्हणाले, "जागा भरपूर असेल, ऊन असेल आणि पाणी वाढवणार नाही असं कुणी लिहून देत असेल, तर चालेल." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

पदवी मिळाली. कायम व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. मधल्या काळात दूध गावोगाव थेट टँकरवाले उचलायला लागले आणि डेअरी बंद पडली. ती वासामुळे नाही, आमच्यामुळे तर नाहीच. तिला परवडेनासं झालं, एवढंच. ओढ्यात आता आठ महिने पाणीच नसतं. आईची कंबर कायमची गेली, तेव्हा तिला मी मंचरला माझ्याकडे आणलं.

एकदा त्याच मॅनेजरांचा फोन आला. भीमाशंकरच्या वाटेला त्यांनी यात्रेकरूंसाठी लॉज काढला होता. आवाज वयस्क झालेला. "मॅडम, सांडपान्याचा लई त्रास हाय. खालची वाडी भांडती. तुमची ती हिरवी टाकी इथं करता येईल का?"

मी म्हणाले, "तिथे चार महिने ढगांतच असता तुम्ही. नाही चालणार."

"मंग काय करू?"

मी त्यांना शोषखड्डा सांगितला, किती खोल्यांमागे किती, ओढ्यापासून किती लांब, आणि खालच्या वाडीतल्या लोकांना आधी विचारा म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, एकदा येऊन बघाल का, गाडी पाठवतो. मी म्हणाले, "नाही. आता होत नाही मला."

फोन ठेवला. आई पलंगावरून बघत होती. "कोन व्हतं?"

सांगितलं. ती म्हणाली, "न्हाई म्हनालीस ते बरं केलंस." आणि कूस बदलून झोपली. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. मी चष्मा पुसून तपासायला घेतले.